भोकरदनच्या ओढ्यातले तीन जांभळे दाणे

जालन्याला हिरे शोधायला गेले होते असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो, आणि हसून झालं की आवाज खाली आणून विचारतो, "मग? मिळाले का?" परत आल्यापासून आमच्या नागपुरातल्या कॉलनीत हे इतक्यांदा झालंय की सगळं एकदाच लिहून टाकलेलं बरं. यापुढे कुणी विचारलं की हे कागद हातात देता येतील.

मी भूवैज्ञानिक. सरकारी खात्यात तीसेक वर्षं दगड फोडले, अहवाल लिहिले, आणि ते अहवाल कपाटात नीट रचले जाताना पाहिले. निवृत्त भूवैज्ञानिकाला दोन प्रकारचे फोन येतात. पहिला, "मॅडम, गच्चीवर एक चमकणारा दगड सापडलाय, आकाशातून पडला असेल का?" दुसरा, "मॅडम, सल्लागार म्हणून याल का?" पहिल्या प्रकारची माणसं जास्त प्रामाणिक असतात. मी दुसऱ्या प्रकारच्या फोनला हो म्हणाले.

एक नवी खाण कंपनी होती. कंपनी म्हणजे एक संचालक, एक गुळगुळीत माहितीपत्रक आणि उपग्रहाचा एक रंगीत नकाशा. नकाशावर जालना जिल्ह्यात दोन गोल काढलेले होते, एक अंबड तालुक्यात आणि एक भोकरदनजवळ.

"हे गोल कशावरून काढले?" मी विचारलं.

"सॉफ्टवेअरनं काढले," संचालक अभिमानानं म्हणाले. आमच्या काळी असले गोल हातानं काढावे लागायचे, तेवढाच फरक.

आता थोडं शास्त्र सांगते, म्हणजे पुढची फजिती नीट कळेल. हिरा जमिनीच्या फार खोलात तयार होतो आणि एका खास दगडातून, धुराड्यासारख्या उभ्या नळीतून वर येतो. पण त्या दगडाच्या डोंगराएवढ्या ढिगात हिरे असतात मूठभर, आणि तेही असले तर. त्यामुळे शहाणा माणूस हिरा शोधत नाही. त्याच नळीतून हिऱ्याबरोबर वर आलेले सोबती शोधतो. जांभळट लाल गार्नेट, गर्द हिरवा डायोप्साइड, काळा जड इल्मेनाइट. हे दाणे पावसापाण्यात सुटतात, ओढ्यातून लांब लांब जातात. आपण ओढ्यात एखादा दाणा पकडायचा, मग त्याच्या वरच्या अंगाला दुसरा, मग तिसरा, आणि जिथं दाणे यायचे थांबतात तिथं नळी शोधायची. नवरदेव दिसत नसला तरी वऱ्हाडी दिसले की मांडव जवळ आहे हे कळतं, तसंच हे.

अडचण एवढीच की अख्खा जालना जिल्हा काळ्या दगडावर बसलेला आहे. लाव्ह्याचे थर, एकावर एक. खाली एखादी जुनी नळी असलीच तर ती सगळ्या वऱ्हाडासकट त्या थरांखाली गाडली गेलेली. ओढ्यात तिचा एकही दाणा यायचं कारण नाही. हे मी संचालकांना पहिल्याच बैठकीत सांगितलं.

"पण नळी लाव्ह्याच्या नंतर फुटून वर आली असेल तर?" त्यांनी विचारलं. कुठूनतरी वाचून आले होते.

"अशक्य नाही," मी म्हणाले.

आमच्या धंद्यात या दोन शब्दांवर जेवढी जेवणं झाली आहेत तेवढी खऱ्या खाणींवर झाली नसतील. माझं तिकीट त्याच दिवशी काढलं गेलं.

जालना

स्टेशनबाहेर मुजीबभाई गाडी घेऊन उभे होते. पन्नाशीचे, दाढी नीट कातरलेली, बोटात अकीकाची अंगठी. आठ दिवसांसाठी कंपनीनं गाडी आणि मुजीबभाई दोघांनाही ठरवलं होतं. ते घरी उर्दू बोलत, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि गाडीशी दोन्ही भाषांतल्या शिव्या. मी बसले म्हणून शिव्या आठ दिवस बंद राहिल्या आणि त्यामुळेच गाडी नीट चालली नाही, असं त्यांचं शेवटपर्यंत मत होतं.

"मॅडम, कंपनीवाले बोल्ले की तुम्ही जमीन बघायला येऊन राह्यल्या. प्लॉटिंगचं काम है का?"

"हिरे शोधायचेत."

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "बराबर," ते म्हणाले आणि पुढच्या चौकात गाडी डावीकडं घेतली. मग म्हणाले, "मंग आधी नाश्ता करून घेऊ."

नाश्ता म्हणजे खिचडी आणि खट्टा. पिवळी मोकळी खिचडी, वर तीळ आणि चिंचेचा पातळ आंबट खट्टा, कडेला पापड. आम्ही नागपूरकर सकाळी सकाळी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तर्री ओतून पोहे खातो आणि त्याला हलका नाश्ता म्हणतो. त्यामुळे पहिल्या दोन घासांना मला काहीतरी राहिल्यासारखं वाटलं. तिसऱ्या घासानंतर मी आणखी खट्टा मागवला. वर मुजीबभाईंनी मोसंबीचा रस पाजला आणि पेला खाली ठेवायच्या आत विचारलं, "तुमच्या संत्र्यापेक्षा चांगलं है न्हाई?" प्रवासात काही प्रश्नांना शास्त्रीय उत्तर द्यायचं नसतं. मी छान आहे म्हणाले.

वडीगोद्री आणि अंकुशनगर

पहिले दोन दिवस अंबड तालुक्यातल्या गोलात गेले. नोव्हेंबर सरत आलेला, ओढ्यांना घोट्याएवढं पाणी. ओढा जिथं वळतो, किंवा मोठ्या दगडाच्या मागं जिथं जड वाळू अडकून बसते, तिथली घमेलंभर वाळू घ्यायची, चाळायची, रुंद परातीत घेऊन पाण्याखाली गोल गोल फिरवायची. हलकी वाळू काठावरून निघून जाते, जड दाणे तळाशी उरतात. ते वाळवून भिंगाखाली एकेक पाहायचे. दिवसभर कंबरेत वाकून हे काम चालतं. माहितीपत्रकात याला 'अत्याधुनिक सर्वेक्षण' म्हटलेलं होतं.

वडीगोद्रीजवळच्या ओढ्यात एक बाई कपडे धूत होत्या. त्यांनी अर्धा तास माझ्याकडे पाहिलं आणि मग न राहवून विचारलं, "ओ बाई, काय हरवलं तुमचं?"

"हरवलं काही नाही. शोधतेय."

"हरवलं न्हाई अन् शोधून राह्यल्या?"

माझ्या तीस वर्षांच्या नोकरीचं इतकं नेमकं मूल्यमापन खात्यात कधी कुणी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अंकुशनगरकडे गेलो. साखर कारखान्याचा हंगाम चालू होता. हवेत मळीचा वास आणि रस्त्यात उसानं फुगलेल्या ट्रॉल्या. एका मोरीवर मी माझी पितळी चाळणी सुकत ठेवली आणि वाळूच्या पिशवीवर नाव घालायला वळले. मागं 'कर्रर्र' असा आवाज झाला. ट्रॉली निघून गेली होती आणि चाळणीची पोळी झाली होती. तिची जाळी ठरावीक मापाची होती आणि ती नागपूरहून मागवायला चार दिवस लागले असते. मुजीबभाई मला घेऊन परत वडीगोद्रीला आले आणि हायवेवरच्या भांड्यांच्या दुकानातून त्यांनी पिठाची चाळणी घेतली.

"बाईसाहेबांना गव्हाचं पीठ की ज्वारीचं?" दुकानदारानं विचारलं.

"हिरे चाळायचेत," मुजीबभाई म्हणाले.

"मंग बारीक घ्या," दुकानदार म्हणाला आणि बारीक जाळीची चाळणी काढून दिली. जालना जिल्ह्यातलं अत्याधुनिक सर्वेक्षण पुढं त्याच चाळणीवर पार पडलं.

दोन दिवसांत मिळाली ती काळी वाळू. काळ्या दगडातून सुटलेली काळी वाळू, लोहचुंबकाला चिकटणारी. सोबत्यांपैकी एकही नाही. मला आनंद झाला. आपण बरोबर होतो याचा आनंद वेगळाच असतो, आणि त्याचे पैसे कुणीतरी दुसरा देत असेल तर आणखीच वेगळा.

पिंपळगाव रेणुकाई

तिसऱ्या दिवशी उत्तरेला भोकरदन तालुक्यात शिरलो. पिंपळगाव रेणुकाईत रेणुकेच्या देवळापाशी गाडी लावली आणि खालच्या ओढ्यात परात घेऊन बसले, तर दहा मिनिटांत चार म्हातारे काठावर जमले. त्यांतल्या एकानं मला झारेकरी ठरवलं. झारेकरी म्हणजे सोनारांच्या दुकानापुढची माती धुऊन त्यातले सोन्याचे कण काढणारे लोक. "लई वर्सांनी आले झारेकरी," तो बाकीच्यांना म्हणाला. त्याचं चुकलं नव्हतं. झारेकऱ्याच्या मातीत निदान सोनं असायची खात्री असते, एवढंच.

त्यानं मला न विचारता घरी जेवायला नेलं. आमच्याकडे पाहुण्याला 'जेवून जा' असं दोनदा म्हणतात आणि तिसऱ्यांदा तो बसला की धक्का बसतो. इथं विचारायची पद्धतच नाही. येसराच्या मसाल्याची दाट झणझणीत आमटी, ज्वारीची भाकरी, कांदा. जेवताना त्या म्हाताऱ्यानं कोनाड्यातून विहीर खोदताना निघालेले स्फटिक आणून दाखवले, पांढरे, टोकदार, फार देखणे. "हे हिरे न्हाईत का?" त्यानं विचारलं. मी नाही म्हणाले. त्यानं अजिबात वाईट न वाटून घेता ते परत कोनाड्यात ठेवले.

रोज दुपारी संचालकांचा फोन यायचा. "काही पॉझिटिव्ह?"

"गाळ."

"गाळ चांगला आहे ना?"

"उत्तम आहे."

भोकरदन

चौथ्या दिवशी भोकरदनच्या खाली, केळणा नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यात मी परात फिरवत होते. काळी वाळू काठाकडे सरकली आणि तळाशी एक दाणा राहिला. जांभळट लाल. जोंधळ्याच्या दाण्याएवढा. पाण्यात तो आतून पेटल्यासारखा दिसला.

गार्नेट. काळ्या दगडाच्या मुलखात, जिथं गार्नेट यायचं काहीएक कारण नाही तिथं.

मी तो तळहातावर घेतला आणि मला वाळूतच बसावं लागलं. पँट भिजली. मुजीबभाई धावत आले. "मॅडम, साप है का?"

मी हात पुढं केला. त्यांनी दाणा चिमटीत धरून उन्हात फिरवला. अंगठ्यांचे खडे पाहायची त्यांना सवय होती. "याला तर कोनी घासलेलं है," ते म्हणाले.

"नदी घासते दगडांना," मी मोठेपणानं सांगितलं. एवढ्याशा ओढ्यात, इतक्या कमी पाण्यात, दगड आरशासारखा गुळगुळीत होत नाही, हे मी खात्यात शिकायला येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना शिकवलं आहे. त्या क्षणी आठवलं नाही.

पाचव्या दिवशी वरच्या अंगाला आणखी दोन दाणे मिळाले. त्याच्याही वर गेले तर दाणे बंद. आणि बरोबर तिथंच, सगळीकडे काळीभोर जमीन असताना, एक फिकट राखाडी उंचवट्याचं शेत. तूर उभी होती. हिऱ्याच्या नळीवरचा दगड कुजला की त्याची अशीच फिकट, भुसभुशीत माती होते. पुस्तकात जे चित्र असतं ते समोर उभं होतं. वऱ्हाडी संपले होते आणि मांडव दिसत होता.

हे मला लिहायलाच हवं, की ते दोन दिवस मी फार खूश होते. उगाच शहाणपणा करत आयुष्य घालवलेल्या बाईला साठीच्या उंबरठ्यावर असं काही सापडावं, याचा आनंद मला झेपत नव्हता. मी नवऱ्याला फोन केला. मुलीला केला. आणि संचालकांना केला. त्यांना म्हणाले की गार्नेट मिळालंय, तीन दाणे, आणि वरच्या अंगाला संशयास्पद माती आहे.

"एक्सलंट!" ते ओरडले. "मॅडम, आता शब्द जपून वापरा. पण मोठे वापरा. परवा गुंतवणूकदारांना घेऊन येतो."

साळवेबाईंची बाटली

ते शेत साळवेबाईंचं होतं. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. शेत आणि त्याच्या टोकाला असलेलं दोन खोल्यांचं घर एकट्या सांभाळत. सहाव्या दिवशी दुपारी मी मातीचा नमुना घेत होते, तर त्यांनी चहाला हाक मारली. मुजीबभाई आधीच ओट्यावर बसून त्यांच्याशी बोलत होते.

"माती कशी आहे आमची?" बाईंनी विचारलं.

"विलक्षण आहे. काळ्यात अशी पांढरी कुठून आली?"

बाई हसल्या. "पांढरी आहे ना ही. गाव होतं इथं पूर्वी. लई जुनं. लोक म्हणायचे, मेलेल्या गावात नांगर घालू नये, म्हणून कुणी घ्यायला तयार नव्हतं. मंग आमच्या आजोबाला मिळाली. त्यायनं घातला नांगर. काय बी झालं न्हाई. तूर मात्र चांगली येते."

मी कप खाली ठेवला. पांढरी. जुन्या वस्तीची माती. राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती, माणसांचं सगळं उरलंसुरलं. मराठी मुलखात पोर देखील हा शब्द ओळखतं, आणि मी, एवढी शिकलेली, त्या शेतावर दोन दिवस भिंग लावून बसले होते.

"नांगरताना काही निघतं का?" मी विचारलं.

बाई आत गेल्या आणि लोणच्याची एक जुनी काचेची बाटली घेऊन आल्या. अर्धी भरलेली. त्यांनी ती पेपरवर ओतली. मणी. अकीकाचे, शंखाचे, काचेचे, भाजलेल्या मातीचे. "लहानपणापासून वेचून राह्यले. शाळेत पोरायला मोजायला शिकवत असे यांच्यावर. नदीकाठच्या जुन्या शहरात मणी करणारे कारागीर राहत, असं ऐकलं होतं. इथं बी असतील."

त्या ढिगात नऊ-दहा जांभळट लाल होते. काही पूर्ण, आरपार भोक असलेले. काही अर्धवट. एकाला एका बाजूनं भोक पाडायला घेतलेलं आणि तिथंच तो तडकलेला.

मी खिशातली डबी काढली, माझे तीन दाणे तळहातावर घेतले आणि भिंग लावलं. दुसऱ्या दाण्याच्या तुटलेल्या कडेवर एक सरळ, गोलसर खाच होती. ती मी दोन दिवसांत तीस वेळा पाहिली होती आणि दर वेळी 'तुटलेली कड' असं वहीत लिहिलं होतं. ते अर्धं भोक होतं. माझे सोबती पृथ्वीच्या पोटातून आले नव्हते. कुण्या व्यापाऱ्यानं तेलंगणाकडून बैलाच्या पाठीवर आणले होते, कुण्या कारागिरानं घासले होते, आणि तडकले म्हणून ओढ्यात भिरकावले होते.

मुजीबभाई भिंगातून पाहून घेऊन हळूच म्हणाले, "मैं बोल्लो ना मॅडम, कोनी घासलेलं है." मग माझा चेहरा पाहून लगेच म्हणाले, "मगर नदी बी घासतेच."

मी संचालकांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"हे प्रयोगशाळेत सिद्ध झालंय का?" त्यांनी विचारलं.

"सिद्ध करायला भोक पुरेसं आहे."

"म्हणजे सिद्ध झालेलं नाही. उत्तम. उद्या तुम्ही फक्त एक वाक्य म्हणायचं. प्राथमिक संकेत प्रोत्साहक आहेत. बस्स. बाकी मी बोलेन."

मी हो म्हणाले. हेही लिहायलाच हवं.

पाहणी

सातव्या दिवशी दोन पांढऱ्या गाड्या आल्या. संचालक, त्यांच्याबरोबर तीन गुंतवणूकदार. दोघं तरुण, सारखे फोटो काढणारे. तिसरे एक म्हातारे शेठजी, धोतर सावरत तुरीतून जपून चालणारे. मागच्या ट्रॅक्टरवर रंगीत झेंड्या होत्या. संचालकांनी त्या स्वतः शेतात रोवल्या, नकाशातल्या गोलासारख्या गोल. रस्त्यावर एक जेसीबी येऊन उभा होता. तुरीच्या शेंगा भरत आल्या होत्या.

साळवेबाई ओट्यावर उभ्या होत्या. संचालकांनी त्यांच्यापुढं संमतीचा कागद आणि पेन धरलं. "बाई, इथं एक सही. चाचणीचे पाच-सहा खड्डे फक्त. उद्या हिरा निघाला तर तुमचं नाव जगात जाईल."

बाईंनी चष्मा लावला आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. सगळे उभे. मध्येच त्यांनी पेननं एका शब्दाला गोल केला. "परवानगीत बाणाचा ण नसतो," त्या म्हणाल्या आणि पुढं वाचत राहिल्या. शेठजींना हसू आलं, ते त्यांनी रुमालात लपवलं.

वाचून झाल्यावर बाईंनी संचालकांकडं पाहिलंच नाही. त्या माझ्याकडं वळल्या. "मॅडम, मला यातलं कळत न्हाई. तुमचं शिक्षण आहे. हिरा आहे का इथं? तुम्ही हो म्हणा, मी सही करते."

वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. प्राथमिक संकेत प्रोत्साहक आहेत. सकाळी आरशापुढं म्हणूनही पाहिलं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं, हीच त्याची खुबी. संकेत होते, प्राथमिक होते, आणि मला दोन दिवस त्यांनी चांगलंच प्रोत्साहन दिलं होतं. समोर बाई पेन धरून उभ्या होत्या. त्या खरंच मी सांगेन तसंच करणार होत्या.

"नाही," मी म्हणाले.

"मॅडम म्हणतायत की अजून—" संचालकांनी सुरुवात केली.

"नाही म्हणाले मी. हे दाणे खालून आलेले नाहीत. माणसांनी आणलेत. मणी करताना तडकले ते टाकून दिलेले आहेत." मी डबी आणि भिंग शेठजींच्या हातात दिलं. "कडेला खाच आहे बघा. ते अर्धं भोक आहे."

शेठजींनी बराच वेळ पाहिलं. "आणि ही पांढरी माती?"

"जुन्या गावाचा उकिरडा. राख, शेण, मातीच्या भिंती."

"म्हणजे आम्ही एवढ्या लांबून येऊन उकिरड्यात उभे आहोत."

"फार प्रतिष्ठित उकिरडा आहे, शेठजी. दोन हजार वर्षांचा तरी असेल."

"मॅडमना ऊन लागलंय," संचालक म्हणाले. सकाळचे नऊ वाजले होते आणि सगळ्यांनी स्वेटर घातले होते.

शेठजींनी डबी मला परत दिली. "मी जर तुम्हाला विचारलं असतं," ते म्हणाले, "आणि तुम्ही हो म्हणाला असता, तर मला कळलं असतं का?"

"कळलं नसतं."

त्यांनी मान हलवली, बाईंना नमस्कार केला आणि आले तसे जपून तुरीतून परत निघाले. तरुण दोघं त्यांच्या मागं गेले. त्यांनी फोटो काढणं थांबवलं होतं. संचालक मागं राहिले ते मला सांगायला, की तुमचा करार संपला, आणि या क्षेत्रात तुम्हाला यापुढं कुणी बोलावणार नाही. या क्षेत्रात मला तसंही कुणी बोलावत नव्हतं, पण त्यांचा उत्साह मोडायची इच्छा झाली नाही. जाताना ते झेंड्या काढायला विसरले. जेसीबीवाला मात्र चहा पिऊनच गेला.

गाड्या दिसेनाशा झाल्या. मी ओट्यावर बसले. बाईंनी पाणी दिलं. मुजीबभाई शेतात जाऊन एकेक झेंडी उपटत होते.

"गाडी उद्यापर्यंत ठरलेली है," ते येऊन म्हणाले. "कंपनी काय बी बोलू द्या. आपण उद्याच निघू."

निघताना

दाणे मी पुढं नियमाप्रमाणे प्रयोगशाळेत दिले आणि उत्तर आलं ते अपेक्षितच होतं. साधं गार्नेट, हिऱ्याशी काडीचा संबंध नसलेलं. अहवाल दोन पानांचा झाला. पुरातत्त्वाच्या कार्यालयालाही एक पत्र लिहिलं, की या शेतात तुमचं काही आहे. तेही कपाटात नीट रचलं जाईल.

पण आठव्या दिवसाचं राहिलं. सकाळी निरोप घ्यायला गेलो तर बाईंनी आम्हाला धपाटे आणि दही खायला घातलं. मी उठले, चपला घातल्या, गाडीत बसले. मुजीबभाईंनी गाडी चालू केली. तेवढ्यात बाई खिडकीपाशी आल्या.

"मॅडम, एक विचारायचं होतं. उद्या बोअरची गाडी येणार आहे. पुतण्यानं पाणाड्या आणला होता. तो हातावर नारळ धरून फिरला अन् नारळ उभा राह्यला तिथं जागा दाखवून गेला. तुम्ही दगडाचं शिकलेल्या. जरा विहिरीत डोकावून सांगता का, तिथं पाणी लागंल का न्हाई?"

"बाई, मी परवापर्यंत उकिरड्यात हिरे पाहत होते," मी म्हणाले. "आणि मी आले तर बहुतेक नाहीच म्हणेन. तुमच्या पुतण्याला वाईट वाटेल."

"म्हणून तर तुम्हाला विचारून राह्यले," बाई म्हणाल्या. "हो म्हणणारे आजवर तिघं आल्ते. तिन्ही बोअर कोरडे गेले."

मुजीबभाईंनी गाडी बंद केली. मी चपला काढून बूट घातले, डिकीतून हातोडा घेतला आणि बाईंच्या मागं विहिरीकडं चालू लागले.